बाईला गड्याएवढा पगार कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमच्या शेतावर बाईला आणि गड्याला तासाचा दर एकच. त्यावर भावकीपासून खतांच्या दुकानदारापर्यंत सगळे विचारतात, "काम वेगळं, ताकद वेगळी, मग पगार सारखा कसा?"

सोयाबीन काढताना कधी येऊन बघा. शेजारशेजारच्या पातीला, म्हणजे कापायच्या ओळीला, बाई आणि गडी असतात, विळा तोच, ऊन तेच. बऱ्याचदा बाईचीच पात पुढे असते. तरी गावात संध्याकाळी तिच्या हातावर कमी पैसे पडतात, कारण काय, तर गडी वेळ पडली तर पोतं उचलेल! त्या दिवशी पोतं असतंच असं नाही. आणि दिवसभर उकिडवं बसून भांगलण करणं, म्हणजे तण काढणं, हलकं, हे कुणी ठरवलं? ज्यानं केली नाही त्यानं.

हा वाद कोर्टात कधीच निकाली निघालाय. मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत ऑड्री डिकॉस्टा स्टेनोग्राफर होत्या. तिथं स्त्री स्टेनोग्राफरना पुरुषांपेक्षा कमी पगार होता. कंपनीनं सांगितलं की या बायका साहेबांच्या खास स्टेनो, त्यांचं काम वेगळं. शिवाय युनियनशी करार झालाय आणि आमची परिस्थितीही बेताची आहे. 1987 साली सर्वोच्च न्यायालयानं यातलं काहीच मानलं नाही. 1976च्या समान वेतन कायद्यात 'सारखं किंवा त्याच स्वरूपाचं काम' असं म्हटलं होतं. त्यामुळे किरकोळ फरक सोडून द्या, माणूस प्रत्यक्षात काय काम करतो ते बघा, काय करू शकेल ते नको, असं कोर्ट म्हणालं. आमच्या पोत्याचा निकाल मला त्यातच दिसतो. 'गावानं ठरवलेला दर' हाही तसलाच करार. 2019च्या वेतन संहितेतही हा नियम कायम आहे.

बायका दहाला येतात, गडी आठला, हे मात्र खरं. त्याआधी घरचा स्वयंपाक, धारा, पोरांचे डबे उरकलेले असतात. म्हणून मी तास मोजते. दोन तास कमी भरले तर दोन तासांचे पैसे कमी, पण दर तोच.

रोजगार हमीच्या कामांवर खोदलेल्या मातीच्या मापानं पैसे मिळत, आणि तो दर बाईला-पुरुषाला एकच होता. ऊसतोडीत मात्र नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे दोघांचा मिळून एकच हिशोब. मोळ्या बांधून डोक्यावरून वाहते ती, आणि उचल, म्हणजे आगाऊ पैसे, बहुतेकदा त्याच्या नावावर. तिचा वेगळा हिशोबच नाही, याची मला फार चीड येते.

"मग गड्यांचा दर खाली आणता का?" असंही विचारतात. नाही. बरोबरी करायला कुणाचा पगार उतरवायचा नाही, हेही 1976च्या कायद्यातच होतं. बायकांचा वर न्यायचा, आणि त्यासाठी भांगलणीचा खर्च वाढतो तो पिकाच्या हिशोबात आधीच धरायचा, डिझेल धरतो तसा.