जुन्या अंकांची खोकी मेळ्यातून कुठे गेली?

सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून मी यंदा मुंबईत कॉमिक्सच्या चाहत्यांच्या एका मोठ्या मेळ्याला गेलो, तेव्हा खिशात नेहमीची वही होती. इंद्रजाल कॉमिक्स या बंद पडलेल्या चित्रकथा-मालिकेचे जे मराठी अंक माझ्याकडे नाहीत त्यांचे क्रमांक या वहीत लिहिलेले आहेत, आणि एखादा अंक हाती लागला की त्या क्रमांकावर मी लाल पेन्सिलीने रेघ मारतो. सकाळी दार उघडल्यापासून दुपारी तीनपर्यंत मी सगळा मांडव दोनदा पायाखालून घातला. टी-शर्ट, कीचेन, पोस्टर, अ‍ॅक्शन फिगर, मोबाइल गेमचे दालन, स्वतःची नवी कॉमिक्स घेऊन बसलेले तरुण चित्रकार, हे सारे तेथे होते. जुने अंक विकणारा मात्र एकही माणूस नव्हता, त्यामुळे वही खिशातून बाहेर काढण्याची वेळच आली नाही आणि संध्याकाळी मी रिकाम्या पिशवीने स्थानकावर परतलो.

काही वर्षांपूर्वी अशाच मेळ्यांत मला जुन्या अंकांचे तीन विक्रेते भेटत असत. पुढे दोन उरले, मग एक आणि आता एकही नाही. त्यांतील शेवटी उरलेल्या काकांच्या टेबलावर पुठ्ठ्याची चार खोकी उभी असत, त्यांत अंक पाठीला पाठ लावून रचलेले असत आणि मधूनमधून जाड कागदाचे तुकडे खोचून त्यांवर निळ्या शाईने वेताळ, मँड्रेक, बहादूर अशी नायकांची नावे लिहिलेली असत. मी दिसलो की ते नमस्काराच्या आधी म्हणत, "सोलापूरकर, वही काढा." माझ्या वहीतील निम्मे क्रमांक त्यांना पाठ होते. एकदा मी हौसेने उचललेला अंक त्यांनी माझ्या हातातून परत घेतला आणि म्हणाले, "हा राहू द्या. मुखपृष्ठ याचेच आहे, पण मधली पाने दुसऱ्या अंकाची लावलेली आहेत. तुम्हाला घरी गेल्यावर कळेल आणि माझ्यावरचा विश्वास जाईल." त्या दिवशी त्यांनी गमावलेली विक्री मी अजून विसरलेलो नाही.

अशा माणसाचे ज्ञान कोणत्याही यादीत सापडत नाही. पिना मूळच्या आहेत की नंतर मारलेल्या आहेत हे पिनेच्या भोकाभोवतीच्या गंजावरून ओळखणे, बक्षिसाचे कूपन कापून नेलेले पान बोटाला कमी जाडीने जाणवणे, भाड्याने कॉमिक्स देणाऱ्या वाचनालयाचा शिक्का असलेला अंक शिक्क्यासकट जपण्यासारखा केव्हा असतो आणि केव्हा नसतो हे ठरवणे, या गोष्टी हजारो अंक हाताखालून गेल्यावरच येतात. मुंबईच्या दमट हवेत राहिलेल्या अंकाला बुरशीचे ठिपके पडतात, तर आमच्या सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तोच कागद पिवळा पडून कडेने पापडासारखा मोडू लागतो, म्हणून सोलापुरातून आलेला अंक उघडताना पान कोपऱ्याला धरू नये, हे मला या काकांनीच शिकवले. मी सोलापूरचा असूनही ते मला ठाऊक नव्हते.

या मेळ्यांचा मूळ इतिहास पाहिला तर विक्रेत्यांचे हे जाणे अधिकच खटकते, कारण ज्या अमेरिकेतून ही कल्पना आपल्याकडे आली तेथे जुन्या अंकांची खरेदी-विक्री हाच मेळ्यांचा गाभा होता. सॅन डिएगोचा कॉमिक कॉन १९७० साली सुरू झाला, तेव्हा ऑगस्टमधील तीन दिवसांच्या पहिल्या संमेलनाला यू. एस. ग्रँट हॉटेलात सुमारे ३०० माणसे जमली होती आणि त्यांतील बहुतेकांना हवे होते ते म्हणजे आपल्याकडे नसलेले अंक व ते काढणाऱ्या चित्रकारांची भेट. त्याच साली रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांची जुन्या कॉमिक्सच्या किमतींची पहिली मार्गदर्शिका निघाली, म्हणजे बाजार आणि मेळा बरोबरीनेच वाढले. न्यूयॉर्कमध्ये ४ जुलैच्या सुट्टीत संमेलने भरवणारे फिल सूलिंग हे ब्रुकलिनमधील शिक्षक होते आणि स्वतः जुने अंक विकत असत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी प्रकाशकांशी बोलणी करून, न खपलेले अंक परत न करण्याच्या अटीवर, वाढीव सवलतीने थेट माल उचलण्याची पद्धत घालून दिली आणि पुढे अमेरिकेतील कॉमिक्सची स्वतंत्र दुकाने याच पद्धतीवर उभी राहिली. त्या देशातील या सगळ्या धंद्याची घडी मेळ्यात टेबल लावणाऱ्या एका विक्रेत्याने बसवली, असे म्हटले तरी ते फारसे चुकीचे होणार नाही.

आज सॅन डिएगोला १,३०,००० हून अधिक लोक येतात. चित्रपटांच्या आणि दूरचित्रवाणी मालिकांच्या घोषणांसाठी सुमारे साडेसहा हजार आसनांच्या सभागृहाबाहेर लोक रात्रभर रांग लावतात. अशा ठिकाणी २०१७ साली डेन्व्हरच्या माइल हाय कॉमिक्सने, म्हणजे जुन्या अंकांच्या जगातील सर्वांत जुन्या आणि मोठ्या नावांपैकी एकाने, ४४ वर्षांनंतर आपण यापुढे टेबल लावणार नाही असे जाहीर केले. या दुकानाचे मालक चक रोझान्स्की यांनी १९७७ साली एडगर चर्च नावाच्या गृहस्थाचा संग्रह विकत घेतला होता आणि संग्राहकांमध्ये आजही त्या संग्रहातील अंकाला दुकानाच्या नावाने ओळखतात, इतके त्यांचे स्थान मोठे. अशा माणसाला खर्च आणि विक्री यांचा मेळ बसेना, तर चार खोकी घेऊन येणाऱ्याचे काय होणार, हा प्रश्न ती बातमी वाचल्यापासून माझ्या मनात घर करून आहे.

या प्रश्नाचे उत्तर मला माझ्याच धंद्यात सापडते. माझा व्यवसाय सोलापुरी चादरी आणि टर्किश टॉवेल यांच्या विक्रीचा आहे आणि वर्षातून चार-पाच वेळा मी परगावच्या प्रदर्शनांत स्टॉल घेतो. स्टॉलचे भाडे, मालाची वाहतूक, दोन माणसांचे राहणे-जेवणे हा खर्च डोक्यावर घेऊनच तेथे बसायचे असते, म्हणून कोणता माल न्यायचा हे आवडीवर ठरत नाही, भाड्यावर ठरते. भाडे वाढले की मी आधी रुमाल आणि पंचे नेणे बंद करतो, कारण जागा तेवढीच अडते आणि नगामागे सुटते फार थोडे. जुन्या अंकांच्या विक्रेत्याचा हिशोब याहून कठीण आहे. समजा त्याने चार खोक्यांत १,००० अंक आणले आणि सरासरी किंमत ६० रुपये धरली, तर सगळा माल मिळून ६०,००० रुपयांचा होतो. त्यातील पाचवा हिस्सा खपला, आणि तेवढा खपणेही चांगलेच म्हणावे लागेल, तर दोन-तीन दिवस उभे राहून हाती येतात १२,००० रुपये. त्यातून भाडे, टेम्पो आणि मदतनिसाची मजुरी द्यायची. खोके उचलून पाहिले नसेल त्याला कागदाच्या वजनाची कल्पना येणार नाही.

शिवाय त्याला माल पुन्हा मागवता येत नाही. माझी एखादी नक्षी खपली तर मी रात्री फोन करतो आणि कारखान्यातून तीच नक्षी आठवड्यात निघून येते. टी-शर्टवाल्याचेही तसेच आहे. बहादूरचा एखादा अंक विकला गेला की त्या जागी तोच अंक ठेवायला कदाचित तीन वर्षे लागतील. त्यासाठी कोणाच्या तरी वाड्यातील ट्रंक उघडली जावी लागेल, कोणा रद्दीवाल्याने ती वजनावर नेण्याआधी याला निरोप द्यावा लागेल, मग एकेक अंक पुसायचा, पाने मोजायची, किंमत लिहायची. एवढे करून जो अंक ६० रुपयांना विकायचा, त्याला भाड्याचा भार सोसत नाही. म्हणूनच मेळ्यातून स्वस्त अंक पहिल्यांदा जातात. अमेरिकेतील विक्रेत्यांनीही एकेका डॉलरच्या अंकांची खोकी आधी घरी ठेवली आणि प्लास्टिकच्या कडक पेटीत सील करून गुण दिलेले महागडे अंक तेवढे टेबलावर मांडले. हे गुण देण्याचे काम सीजीसी ही कंपनी २००० सालापासून करते आणि तिची श्रेणी ०.५ पासून १० पर्यंत असते. सील केलेला अंक उघडून वाचता येत नाही. शाळकरी मुलाने खिशातील पैसे मोजून घ्यावे असे त्या टेबलावर काहीच उरत नाही.

अतिमौल्यवान अंकही मेळ्यात येत नाहीत, ते लिलावगृहात जातात. १९३८ साली १० सेंटला विकल्या गेलेल्या अ‍ॅक्शन कॉमिक्सच्या पहिल्या अंकाची एक प्रत २०२४ साली लिलावात ६० लाख डॉलरला गेली. अशी प्रत हाती असलेला माणूस ती टेबलावर कशाला मांडेल?

मोबाइलचा भाग वेगळाच आहे. ग्राहक अंक हातात घेतो, मुखपृष्ठाचा फोटो काढतो, जागच्या जागी दुसरीकडची किंमत पाहतो आणि तीच द्यायला लागतो. आपल्याकडे चांगले मराठी अंक आता मेळ्यापर्यंत पोहोचण्याआधीच मोबाइलवरच्या गटांत फोटो टाकून विकले जातात. त्या सोयीचा मलाही लाभ झाला आहे, कारण अनेक वर्षे सतावणारे सहा अंक मला तेथेच मिळाले. पण वेताळाचा एक अंक मी असाच फोटो पाहून, पैसे आधी भरून मागवला आणि पाकीट उघडले तर मधली चार पाने गायब होती. विकणाऱ्याला विचारले, तर फोटोत मुखपृष्ठच दाखवले होते, असे उत्तर आले. मला त्या वेळी पैशांपेक्षा काकांनी हातातून परत घेतलेला तो अंक आठवला.

आपल्या देशात या मेळ्यांची सुरुवात झाली तेव्हा जुन्याशी असलेले नाते जाणीवपूर्वक जपले गेले होते. फेब्रुवारी २०११ मध्ये दिल्ली हाटमध्ये भारतातला पहिला कॉमिक कॉन भरला आणि तेथे अनंत पै यांना जीवनगौरव पुरस्कार देण्यात आला. त्यानंतर काही दिवसांतच, २४ फेब्रुवारीला ते गेले. १९६४ साली टाइम्स ऑफ इंडियाने इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले तेव्हा पै तेथेच काम करीत होते आणि पुढे १९६७ साली त्यांनी अमर चित्र कथा उभी केली. इंद्रजाल १९९० साली बंद झाले, तोवर इंग्रजी मालिकेने ८०० चा आकडा ओलांडला होता. बंद पडलेल्या मालिकेचा वाचक नव्या अंकांवर जगत नाही. त्याला जुने अंक हिंडत राहावे लागतात, आणि ते हिंडवणारा माणूस म्हणजे हा विक्रेता.

वेशभूषा करून आलेल्या मुलामुलींवर माझा राग नाही. महिनाभर खपून शिवलेला पोशाख घालून उन्हात उभ्या असलेल्या एका मुलीने मला तिच्या पात्राची सगळी कथा न कंटाळता सांगितली, आणि तिची तळमळ माझ्या वहीपेक्षा कमी नव्हती. मात्र तिने त्या पात्राचा छापील अंक कधी हातात घेतला नव्हता, कारण तिच्या वयाच्या वाचकाला तो सहज चाळायला मिळेल अशी जागाच त्या मांडवात नव्हती. माझे मागणे आयोजकांकडे आहे. मांडवातील दहा टेबले जुन्या अंकांच्या विक्रेत्यांसाठी नाममात्र भाड्याने राखून ठेवावीत, ती दाराजवळ नसली तरी चालतील, आणि खोकी आत नेण्यासाठी त्यांना सकाळी हातगाडी मिळावी. चादरीच्या प्रदर्शनांत हातमागाच्या विणकरांसाठी अशी सवलतीची रांग मी पाहिलेली आहे. तिच्यामुळे प्रदर्शन बुडाल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

माझा पहिला वेताळ मला सोलापूरच्या संक्रांतीच्या जत्रेत, म्हणजे गड्ड्यात, होम मैदानावर, एका पथारीवर मिळाला होता. गोणपाटावर जुनी मासिके आणि कॉमिक्स पसरून एक म्हातारे गृहस्थ बसत आणि वडील समोरच्या दुकानात भांडी पाहत असेपर्यंत मला उकिडवे बसून वाचू देत. पाळण्यांच्या आवाजात मी अर्धा अंक वाचून काढला आणि उरलेला अर्धा वाचण्यासाठी तो विकत घेण्याचा हट्ट धरला. गड्ड्यात मी आजही दरवर्षी जातो. ती पथारी तेथून केव्हा उठली हे मला सांगता येत नाही, कारण ती होती तोवर मी ती नेहमीच राहील असे धरून चाललो होतो.

मुंबईहून परत आल्यावर मी त्या काकांना फोन केला. त्यांची खोकी आता धाकट्या मुलाच्या घरी माळ्यावर आहेत, गुडघे साथ देत नाहीत आणि भाडेही परवडत नाही, असे ते म्हणाले. मग त्यांनी माझ्या वहीतील क्रमांक विचारले आणि मी वाचत गेलो. बाराव्या क्रमांकाला त्यांनी थांबवले. तो अंक त्यांच्याकडे आहे, पाने पूर्ण आहेत, मागच्या मुखपृष्ठावर कोणा मुलाने बॉलपेनने नाव लिहिले आहे, म्हणून वीस रुपये कमी घेईन, असे म्हणाले. तो आणण्यासाठी मी पुढच्या महिन्यात जाणार आहे. येताना एक खोके सोलापूरला आणू द्याल का, असे मी त्यांना विचारले आहे. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी माझ्या दुकानाचा पुढचा फळा मोकळा असतो, चादरींचे गठ्ठे हटवले की खोके मावते, आणि भाडे घेण्याचा प्रश्नच नाही. "अंकांवर ऊन येऊ देऊ नका, आणि पोरांना बसून वाचू द्या," एवढ्या दोन अटी त्यांनी घातल्या आहेत. फळ्यावर दुपारी ऊन येते, त्यामुळे या आठवड्यात मी तेथे ताडपत्रीचा पडदा लावून घेत आहे.