रंगीत तालीम जुन्या गोव्यात

झेरॉक्सच्या दुकानात दुसऱ्याचे कागद वाचू नयेत, हे मान्य. पण मशीनमधून पान बाहेर येतं ते तोंड वर करूनच, आणि दुपारी अडीचला, अर्ध्या पणजीने शटर खाली ओढलेलं असताना, डोळ्यांना दुसरं कामही नसतं. पानावर होतं: पॅरिस, दिवस दुसरा. लूव्र. लहान गट, कमाल ८ जण, गाइडसह २ तास. मागोमाग पासपोर्टच्या प्रती आल्या, पाच. म्हणजे घरचे पाच आणि बाहेरचे तीन.

अनोळखी माणसांना न मागता सल्ला देता येत नाही, म्हणून तो इथे: जाण्याआधी एक सकाळ जुन्या गोव्यात काढा.

आपल्याकडे जत्रेच्या नाटकाचीसुद्धा रंगीत तालीम होते. कपडेपट येतो, मिशा चिकटवून बघतात, तलवार म्यानातून वेळेवर निघते की नाही ते बघतात. लाखो रुपये खर्चून युरोपला मात्र आपण थेट प्रयोगालाच उभे राहतो, आणि मग पहिल्या अंकातच पाय दुखायला लागतात.

दोन तास म्हणजे १२० मिनिटं, पण ती कागदावर. लूव्रच्या अंगणात, काचेच्या पिरॅमिडजवळ, चौदाव्या लुईचा घोड्यावरचा पुतळा आहे. पुष्कळ गट तिथे जमतात आणि प्रत्येक गटात एक कुटुंब उशिरा येतं. (ते गोव्याचंच असतं असं नाही.) जमणं, सुरक्षा तपासणी, कानातली यंत्रं वाटणं आणि ‘आत गेल्यावर स्वच्छतागृह कुठे आहे?’ यात अर्धा तास गेला. दनों, सुली आणि रिशलिय अशा तीन मोठ्या बाजूंच्या त्या राजवाड्यात एका दालनातून दुसऱ्यात जाण्यात आणखी पंचवीस मिनिटं. मोना लिसापुढच्या गर्दीत पंधरा. राहिली पन्नास. एकेका कलाकृतीला पाच मिनिटं दिली तर दहा कलाकृती होतात. तिथे मांडलेल्या वस्तू आहेत ३५,००० च्या घरात.

न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात माणसं एका चित्रापुढे किती वेळ थांबतात याची पाहणी झाली होती, ती २००१ साली प्रसिद्ध झाली. सरासरी निघाली २७ सेकंद, आणि त्यात चित्राशेजारची पाटी वाचण्याचा वेळही आला. या वेगाने लूव्रमधलं सगळं बघायचं तर २६२ तास लागतील. रोज नऊ तास उभं राहिलं तरी महिना जाईल. तेव्हा ‘सगळं बघून येऊ’ हा विचार पर्वरीचा पूल ओलांडण्याआधीच सोडलेला बरा.

लहान गटाच्या गाइडचं खरं काम म्हणूनच दाखवण्याचं नसून वगळण्याचं असतं. चांगला गाइड सुरुवातीलाच सांगतो की आज इजिप्त नाही, फर्निचर नाही, हे दहा थांबे, आणि मधल्या चित्रांकडे बघायचं नाही. कच्चा गाइड म्हणतो, ‘वाटेत हेही बघून घ्या.’ हे वाक्य ऐकलं की समजावं, गट फुटला. एकजण ‘हेही’पाशी राहतो, दोघं त्याला शोधायला मागे जातात, उरलेले जिन्याच्या तोंडाशी उभे राहून एकमेकांच्या बुटांची चौकशी करतात.

आता आठच का? ह्याचा हिशेब कोणी सांगत नाही, पण तो सोपा आहे. मीटरभर रुंदीच्या चित्रापासून दीड मीटरवर अर्धवर्तुळ धरलं तर त्याची लांबी ४.७ मीटर होते. माणशी ५५ सेंटिमीटर खांदा धरा, आठ माणसं एका रांगेत मावतात. नववा आला की दुसरी रांग सुरू, आणि दुसऱ्या रांगेतल्याला चित्राऐवजी कोणाच्या तरी कानामागचा तीळ दिसतो. त्या आठातलेही दोन टोकांचे दोघं कमनशिबीच. बाजूने बघितलं की वार्निशवर दिव्याची झळाळी येते आणि चित्राचा अर्धा भाग पांढरा होतो. उपाय: झळाळी आली की मान वाकडी करू नये, दोन पावलं सरकावं. प्रत्येक थांब्यावर टोकाच्यांनी मध्ये यावं. हे न सांगता करणारा गट आजवर जन्माला आलेला नाही, म्हणून गाइडने सांगावं.

गाइडने स्वतः कुठे उभं राहावं हाही प्रश्न असतोच. चित्राच्या बाजूला, पाठ भिंतीकडे, तोंड माणसांकडे. चित्राकडे तोंड करून बोलणारा गाइड चित्राला माहिती देत असतो. चित्राला ती आधीपासून ठाऊक आहे.

कानातल्या यंत्रांबद्दल थोडं. गळ्यात रिसीव्हर, एका कानात इअरफोन, गाइडच्या कॉलरला माइक. सुरू करताना सगळ्यांचा चॅनल एकच आहे हे मोठ्याने म्हणवून घ्यावं, नाहीतर एखाद्या काकांना तासभर शेजारच्या गटाचं जर्मन ऐकू येतं आणि ते भिडेपोटी मान डोलावत राहतात. दुसरी भानगड अशी की आवाज भिंतीपलीकडूनही काही अंतर येत राहतो. गाइड पुढच्या दालनात पोचून पंखांच्या विजयदेवतेबद्दल बोलायला लागते आणि मागे राहिलेला माणूस भलत्याच पुतळ्यात पंख शोधतो. तेव्हा ऐकू येतंय म्हणून निश्चिंत राहू नये, गाइड दिसते का ते बघावं. आठ माणसांना शांत दालनात यंत्र लागतच नाही, पण लूव्रमध्ये शांत दालन मिळायला मोना लिसापासून बरंच लांब जावं लागतं.

तर तालीम. लूव्र मंगळवारी बंद असतं, आपलं पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय शुक्रवारी. सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या मठात, से कॅथेड्रलच्या मागे. ३ डिसेंबरचं फेस्त आणि त्याआधीचे नोव्हेनाचे नऊ दिवस टाळा, तेव्हा रस्त्यावर गाडी काय, सावली मिळायची नाही. सकाळी उघडल्या उघडल्या जा. हुमण-भात जेवून दोन वाजता संग्रहालयात शिरण्याचं धाडस गोव्याच्या माणसाने करू नये. तिथल्या बाकावर तो बसतो आणि मग त्याला उठवायला रखवालदार लागतो. पिशवी पुढे घ्यायची सवय आतापासून करा. पाठीवरची सॅक वळताना कशाला लागेल ते सॅकलाच ठाऊक नसतं. काही टिपून घ्यायचं तर पेन नको, पेन्सिल. शाईचा डाग जात नाही.

पहिला धडा वीरगळांपाशी. गोव्याच्या कदंबांच्या काळातले जहाजं कोरलेले वीरगळ इथे आहेत, आणि शाळेच्या सहलीत दोन-दोनच्या रांगेने यांच्यापुढून गेला नाही असा गोव्यात माणूस नसेल. बाईंनी ‘पुढे चला’ म्हटलं आणि आपण पुढे गेलो. शिवाय डोळे वरून खाली गेले, कारण वाचायची सवय तशी. वीरगळ वाचायचा असतो खालून वर. तळाच्या चौकटीत लढाई आणि मरण, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला घेऊन चाललेल्या, सगळ्यात वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला, आणि माथ्याला चंद्रसूर्य. वरून वाचलं तर माणूस पूजा करता करता समुद्रात पडतो. ही एक गोष्ट घरातल्या पाच जणांना समजली की पुढे कुठल्याही शिळेपुढे, कुठल्याही देशात, ते आपोआप विचारतील: सुरुवात कुठून?

मग वरच्या मजल्यावर जा. तिथे पोर्तुगीज गव्हर्नर आणि व्हाइसरॉय यांची साठेक चित्रं ओळीने लावलेली आहेत. साठ दाढ्या. लूव्रचा शीण कसा असतो हे दहा मिनिटांत अनुभवायचं असेल तर यासारखी जागा नाही: सगळ्यांपुढून सारख्या वेगाने चालत जा, अकराव्याला जांभई येईल. मग परत दाराशी या आणि घरातल्या प्रत्येकाला एकच चित्र निवडायला सांगा. पाच माणसं, पाच चित्रं, प्रत्येकी पाच मिनिटं. पाटी आधी वाचायची नाही. ही माझी खोड आहे आणि तिच्यावरून घरात वाद झालेले आहेत, पण पाटी आधी वाचली की डोळे पाटीला हवं तेच शोधतात. आधी हात बघा, मग पाय कुठे टेकलेत ते, मग कुलचिन्ह, मग अक्षरं, शेवटी चेहरा. चेहरा शेवटी यासाठी, की या चित्रांची गेल्या काही शतकांत वेळोवेळी डागडुजी झाली, आणि डागडुजी करणाऱ्यांनी जुन्या रंगावर नवा रंग चढवला. हात एका शतकातला आणि नाक दुसऱ्यातलं, असं असू शकतं. शरीराला न शोभणारा चेहरा शोधणं हा पोरांना तासभर पुरणारा खेळ आहे, आणि मोठ्यांनाही.

यातली जुनी चित्रं लाकडी फळ्यांवर काढलेली. मोना लिसाही फळीवरच आहे, पॉपलरच्या, ७७ बाय ५३ सेंटिमीटरच्या. लाकूड हवेतला ओलावा पितं आणि सोडतं, फुगतं आणि आकसतं. वरचा रंगाचा थर मात्र तितका लवचीक नसतो, म्हणून तो तडकतो. ती फळी पॅरिसमध्ये काचेमागे, मोजलेल्या हवेत ठेवलेली असते. आपल्या व्हाइसरॉयांनी जून ते सप्टेंबर गोव्यात काढले, शतकानुशतकं, वाळवी आणि बुरशीच्या सहवासात. पॅरिसला जाऊन त्या काचेबद्दल तक्रार करण्याआधी एकदा हेही बघितलेलं बरं.

अंगात दम असेल तर चढण चढून सांता मोनिकाच्या मठातल्या ख्रिस्ती कलेच्या संग्रहालयात जा. इथे वस्तू लहान, कपाटं लहान, उजेड बेताचा. हस्तिदंताच्या मूर्तीपुढे आठ माणसांचा हिशेब चालत नाही, तीनच मावतात, म्हणून गट तोडून आळीपाळीने बघायचं. मूर्ती समोरून बघून झाली की बाजूने बघा: उभी असूनही ती किंचित एका अंगाला कललेली असेल. कारण हस्तिदंत वाकडा असतो, आणि कोरणाऱ्याने ते वळण मूर्तीच्या कमरेत जिरवलेलं असतं. इथलं छातीत चोच खुपसणाऱ्या पेलिकनचं, पवित्र भाकर दर्शनाला ठेवायचं चांदीचं पात्र तर चुकवूच नका. तो पक्षी आपल्या रक्तावर पिल्लं वाढवतो अशी जुनी समजूत, आणि ख्रिस्ताचं ते प्रतीक. गाइड असेल तर सांगेल. नसेल तर आता तुम्हाला ठाऊक आहे.

पाय दुखण्याला घाबरू नये, त्याला प्रतिष्ठित इतिहास आहे. बॉस्टनच्या कलासंग्रहालयाचे सचिव बेंजामिन आइव्ह्ज गिलमन यांनी १९१६ साली संग्रहालयातल्या थकव्यावर लेख लिहिला, आणि सोबत एका गृहस्थाचे फोटो छापले: हा वाकलाय, हा उकिडवा बसलाय, हा कपाटाच्या तळाशी डोकावतोय. थकवा पाहण्याचा नसतो, वस्तू भलत्या उंचीवर ठेवल्याने वाकण्याचा असतो, हा त्यांचा मुद्दा. गंमत म्हणजे प्रेक्षकांबरोबर हिंडून माहिती सांगणारे जाणकार नेमण्याची पद्धतही त्याच संग्रहालयात याच गिलमननी रुजवली. आपण आज ज्याच्यामागे फिरतो तो गाइड त्या परंपरेतला. तरीही बाक दिसला की बसावं. चांगला गाइड दर तिसऱ्या थांब्याला बाकाजवळचं चित्र निवडतो आणि याबद्दल अवाक्षर बोलत नाही.

परत त्या साठ दाढ्यांकडे. ही मालिका सुरू केली ती जुआंव द कास्त्रो याने, १५४७ साली. आपल्या आधीच्या सगळ्या गव्हर्नरांची चित्रं त्याला हवी होती. देखरेखीला इतिहासकार गास्पार कोरैय, कारण त्याने यातल्या बऱ्याच जणांना डोळ्यांनी पाहिलं होतं. प्रत्यक्ष रंग लावणारा माणूस इथला होता, या भूमीतला. ज्यांना त्याने कधी बघितलं नसेल त्यांचे चेहरे त्याने दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढले, कदाचित भीत, कदाचित हसत. फळ्यांवर नावं आहेत ती ज्यांची चित्रं आहेत त्यांची. रंगवणाऱ्याचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही. गाइडला मुद्दाम विचारावं, हे कोणी काढलं? बहुतेक जण कोरैयचं नाव सांगतात. मग पुढचा प्रश्न विचारायचा असतो. पण तोवर सव्वा तास होऊन गेलेला असतो, आणि गटातल्या कोणाला तरी फोंड्याची बस गाठायची असते.