एदोचा बान्चो नकाशा वाचायला शिकलो, माझा अनुभव

जपानचे जुने लाकडी ठोकळ्यावर कोरून छापलेले शहरांचे नकाशे बघायला सगळ्यांनाच आवडतात, रंग छान असतात, समुद्रात होड्या, डोंगरावर झाडं वगैरे. पण ते वाचताही येतात आणि हातात घेऊन आजच्या तोक्योत चालताही येतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, म्हणून माझा अनुभव सविस्तर लिहितोय. जपानी थोडंफार येत असेल तर कोणालाही जमेल.

मी निवडले ते किरिएझु, म्हणजे एदो (आजच्या तोक्योचं जुनं नाव) शहराचे भाग पाडून एकेका भागाचा वेगळा छापलेला नकाशा. यात ओवारिया सेइशिची या प्रकाशकाची मालिका सगळ्यात देखणी, 1849 पासून निघायला लागली, तीसेक नकाशे आहेत. नॅशनल डाएट लायब्ररीच्या (जपानच्या संसदेचं ग्रंथालय) साइटवर मोठ्या साइजचे स्कॅन फुकट मिळतात, लॉगिन वगैरे काही लागत नाही. घडीचा छापील नकाशा हातात हवा असेल तर जिम्बोचोच्या पुस्तकांच्या दुकानांत नवीन छापलेल्या प्रती मिळतात, पण सुरुवातीला स्कॅनच बरा कारण झूम करावंच लागतं.

मी बान्चोचा नकाशा घेतला. एक कारण असं की आपला भारतीय दूतावास कुदानला आहे, तो याच भागात येतो, त्यामुळे दूतावासाच्या कामाला जाऊन जाऊन तिथल्या गल्ल्या पायाखालच्या होत्या. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. बान्चो म्हणजे शोगुनच्या (तेव्हाचा लष्करी सत्ताधीश) किल्ल्याच्या पश्चिमेला त्याच्या रक्षक तुकड्यांतल्या हातामोतो म्हणजे थेट शोगुनच्या चाकरीतल्या सामुराईंना दिलेली वस्ती, शेकडो घरं, सगळीकडे सारख्याच भिंती आणि दरवाजे, आणि सामुराईच्या दारावर नावाची पाटी लावायची पद्धतच नव्हती. बान्चोत राहणाऱ्यालाही बान्चो कळत नाही अशी तेव्हाची म्हणच आहे. त्यामुळे किरिएझुची सुरुवातच इथून झाली, किचिमोंजिया नावाच्या प्रकाशकाने 1755 मध्ये पहिला काढला तो बान्चोचाच. पुढे 1840 च्या दशकात शेजारच्या कोजिमाचीतल्या ओमिया गोहेइ या दुकानदाराकडे लोक सारखे पत्ता विचारायला यायचे म्हणून त्यानेही नकाशे छापायला घेतले असं सांगतात. ओवारियाही कोजिमाचीचाच.

आता वाचायचं कसं. आधी रंग पाठ करून टाका: लाल म्हणजे देवळं आणि मठ, निळं पाणी, पिवळे रस्ते, हिरवं म्हणजे झाडी, बांध, शेतं, करडा रंग सामान्य लोकांची वस्ती आणि पांढरं ते सामुराईंचं. एदोची सुमारे 70 टक्के जमीन सामुराई वर्गाकडे होती, आणि बान्चोचा नकाशा तर जवळजवळ सगळा पांढराच दिसतो. करड्या भागात माणसांची नावं नसतात, फक्त मोहल्ल्याचं नाव. दुकानावर पडदा असतो, पाटी असते, ते कोणीही शोधेल, खरी अडचण सामुराईच्या घराची.

मग चिन्हं. मोठ्या सरदारांच्या म्हणजे दाइम्योंच्या मुख्य वाड्यावर घराण्याचं चिन्ह छापलेलं असतं, दुय्यम वाड्याला काळा चौकोन, त्याहून खालच्याला काळा गोल. हे चिन्ह फार कामाचं, कारण शोगुनने मोठ्या सरदारांना मात्सुदाइरा हे आडनाव बहाल केलेलं असायचं, त्यामुळे सात्सुमाचा शिमाझु घराण्यातला सरदार नकाशात मात्सुदाइरा सात्सुमा-नो-कामी असा येतो. इतिहासाच्या पुस्तकातलं नाव नकाशात शोधत बसलं तर सापडत नाही. वर्तुळात अधिकचं चिन्ह (+) दिसलं की शिमाझु, एवढं लक्षात ठेवलं की झालं. बान्चोत मात्र मोठे वाडे थोडेच, तिथे नावंच वाचावी लागतात.

आणि इथे मी बरेच दिवस अडकून होतो. नावं सगळ्या दिशांना लिहिलेली, काही उलटी, काही आडवी. पण ते उगीच नाही, नावाचं पहिलं अक्षर ज्या बाजूला त्या बाजूला घराचा मुख्य दरवाजा. हे कळल्यावर मला जो आनंद झाला तो सांगता येत नाही. म्हणजे नकाशा जमिनीवर पसरायचा, रस्त्यावर जसे उभे असू तसा फिरवायचा, आणि नाव सरळ दिसेल की उलटं यावरून दार समोर आहे की मागच्या गल्लीत ते कळतं!! उत्तर वर वगैरे काही भानगड नाही.

अक्षरासाठी मीवो नावाचं अॅप आहे, 2021 मध्ये आलं, फोटो काढला की जुन्या वळणाची अक्षरं आजच्या अक्षरांत दाखवतं. नकाशासाठी एक युक्ती लागते, सगळा नकाशा एकदम देऊ नका, एकेक घर कापून, नाव सरळ उभं फिरवून मग द्या, निकाल खूप सुधारतो. आणि ज्यांनी मोडी शिकलीय त्यांना हे लगेच जमेल, कारण काम तेच, सुटं अक्षर न बघता नेहमी येणारे जोड ओळखायचे. इथे नावांचे शेवट ठराविक असतात, एमोन, नोसुके, तारो, जिरो, ते डोळ्यात बसले की अर्धं नाव आपोआप सुटतं. सीओडीएच या संशोधन केंद्राने याच नकाशांवरच्या ठिकाणांच्या नावांची यादी करून ऑनलाइन ठेवलीय, तीही उत्तराशी ताडून बघायला चांगली.

अंतर मात्र मोजायला जाऊ नका. मी सुरुवातीला आजच्या नकाशावर ताणून बसवायचा प्रयत्न केला, एक कोपरा बसवला की दुसरा सुटतो. मोजणी येत नव्हती म्हणून असं झालं असं कोणी म्हणेल तर ते अजिबात खरं नाही. 1657 च्या भयंकर आगीनंतर शोगुनच्या सरकारने शहराची मोजणी करवली आणि ओचिकोचि दोइनने 1670 पासून पाच भागांत जो नकाशा छापून काढला तो साधारण 1:3000 चा, आजही थक्क करणारा. म्हणजे ओवारियाच्या पावणेदोनशे वर्षं आधी. किरिएझुवाल्यांनी ते सोडलं कारण त्यांच्या गिऱ्हाइकाला कितवं वळण आणि कितवं घर एवढंच हवं होतं, आणि कागद घडी करून अंगरख्यात मावायला हवा होता.

वळणं मोजत चाललं की बान्चो आजही सापडतो. घरं 1923 चा भूकंप आणि 1945 चे बॉम्बहल्ले यात गेली पण रस्त्यांची आखणी बरीचशी तीच राहिली. सगळ्यात भरवशाचे चढ. कुदानझाका, गोमिझाका, ओबिझाका, चढाच्या नावाचे खांब उभे आहेत, ते धरून पुढे जायचं. ओबिझाका म्हणजे ओकिकुच्या भुताच्या गोष्टीतला चढ, कमरपट्टा फरफटत ती इथून पळाली अशी दंतकथा आहे. तिथलं यासुकुनी देवस्थान नकाशात शोधू नका, ते 1869 चं. चिदोरिगाफुचीचा खंदक मात्र निळा आहे तसाच आहे, दूतावासाच्या बाजूने चालत गेलात तर नकाशा आणि पाणी दोन्ही एकदम बघता येतं.

आणखी एक करून बघा, एकाच भागाच्या दोन आवृत्त्या शेजारी शेजारी उघडा. घराचा मालक बदलला की ठोकळ्याचा तेवढाच तुकडा कोरून काढायचे, त्यात नवं लाकूड ठोकून बसवायचे आणि त्यावर नवं नाव कोरायचे. नीट पाहिलं तर अशा नावाचं वळण शेजारच्यांपेक्षा जरा वेगळं दिसतं. मी आता बान्चोच्या दोन आवृत्त्यांतले असे बदल गल्लीगल्लीने नोंदवतोय, कोणाला सोबत करायची असेल तर कळवा, कोजिमाचीच्या बाजूचा भाग अजून कोणी घेतलेला नाही.