दम कोंडू नका, ताई

९ जून, सोमवार

आजपासून बॉक्सिंग सुरू. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी साडेसहाची बॅच. घरापासून स्कूटरवर पंधरा मिनिटं. पत्र्याच्या छताचा लांबट हॉल, एका टोकाला रिंग, तुळईला साखळ्यांनी टांगलेल्या सहा बॅगा, भिंतीवर मेरी कोमचं ऊन लागून विटलेलं पोस्टर. पाऊस पत्र्यावर असा वाजत होता की सरांना प्रत्येक गोष्ट ओरडून सांगावी लागत होती.

बॅगेवर दोन-चार ठोसे तरी मारायला मिळतील, असं मनात धरून गेले होते. तासाभरात एकही मारला नाही. सरांनी आधी वहीत लिहून घेतलं: बीपी आहे का, दमा आहे का, खांदा किंवा गुडघा कधी दुखावला होता का. मग हातात दोरी दिली. तीन मिनिटं उड्या, एक मिनिट विश्रांती, असं तीनदा. भिंतीवरच्या टायमरची घंटा झाली की हॉलमधले सगळे एकदम सुरू होतात आणि पुढच्या घंटेला एकदम थांबतात. तीन मिनिटं आणि एक मिनिट हा हिशेब १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांपासून चालत आलाय. ऑलिंपिकच्या लढतीही तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांच्याच असतात. टीव्हीवर ती फेरी डोळ्यांदेखत संपून जाते. आज दोरी हातात असताना पहिल्या मिनिटालाच पोटऱ्या भरून आल्या.

उरलेला वेळ उभं राहायला शिकण्यात गेला. डावा पाय पुढे, उजवा मागे, दोन्हींत खांद्याएवढं अंतर, पण एका रेषेत नाहीत. मागची टाच किंचित उचललेली. गुडघे सैल, हनुवटी खाली, मुठी गालांपाशी, कोपरं बरगड्यांना लागून. पुढे जाताना आधी पुढचा पाय, मागे येताना आधी मागचा. पाय एकमेकांना ओलांडता कामा नयेत, कारण त्या क्षणी हलक्या धक्क्यानेही माणूस पडतो. सरांनी तळहाताने माझ्या खांद्याला नुसतं ढकलून दाखवलं. पाय चुकले होते तेव्हा मी तीन पावलं मागे गेले. बरोबर उभी होते तेव्हा जागची हलले नाही. एवढं एक कळलं तरी आजची सकाळ सार्थकी लागली.

११ जून, बुधवार

जिना उतरताना कठड्याला धरून उतरले. परवापेक्षा आज जास्त दुखतंय. सर म्हणाले, हे असंच असतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखणं चढतं आणि मग उतरतं. पण सांध्यात एकाच जागी टोचल्यासारखं दुखलं तर लपवायचं नाही, लगेच सांगायचं. स्नायूचं दुखणं आणि सांध्याचं दुखणं यांतला फरक नवीन माणसाला कोणीतरी पहिल्याच आठवड्यात सांगायला हवा. मला कोणी सांगितलं नव्हतं तेव्हाची गोष्ट पुढे लिहीन.

आईला आज सांगितलं. म्हणाली, "नाक मोडून घेशील. तुला कुणाला मारायचंय?" उत्तर सुचलं नाही. कुणालाच मारायचं नाहीये.

१३ जून, शुक्रवार

पट्टी बांधायला शिकले. पट्टी साडेचार मीटरची. इथे कुणी तिला रॅप म्हणतं, कुणी बँडेज. टोकाला शिवलेला फास अंगठ्यात अडकवायचा. पट्टी हाताच्या पाठीवरून मनगटाकडे न्यायची आणि मनगटाभोवती तीन वेढे घ्यायचे. मग बोटांच्या मुळाशी, गाठींवरून तीन वेढे. मग करंगळीपासून सुरुवात करून बोटांच्या प्रत्येक बेचक्यातून एकेक फेर, प्रत्येक फेर मनगटाशी परत. अंगठ्याला एक वेढा, पुन्हा गाठींवर, आणि उरलेली सगळी मनगटावर. बांधताना बोटं ताणून पसरलेली हवीत. बोटं जवळ ठेवून बांधली तर मूठ वळताना पट्टी आवळते आणि बोटांची टोकं निळसर पडतात. पहिल्या खेपेला माझी पडली. सरांनी नखं बघूनच सोडायला लावली.

चौथ्यांदा बांधली तेव्हा जमली. मूठ वळली आणि मनगट जणू हाताचाच पुढचा भाग झाल्यासारखं ताठ राहिलं.

आता ती जुनी गोष्ट. दोन वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका ठिकाणी जाऊन पाहिलं होतं. पहिल्याच दिवशी हातात ग्लोव्ह्ज दिले, पट्टी नाही, मूठ कशी वळायची ते नाही, आणि मोठ्या आवाजातल्या गाण्यांवर अर्धा तास बॅग मारायला लावली. अंगठा मी चार बोटांच्या आत मुडपला होता. दीड महिना डबा उघडता येत नव्हता. अंगठा बाहेर, बोटांच्या मधल्या पेरांवर आडवा ठेवायचा, आणि ठोसा तर्जनी-मधल्या बोटाच्या गाठींवर बसला पाहिजे. करंगळीकडच्या बाजूवर बसला तर तिथलं तळहाताचं हाड मोडतं, आणि त्याला डॉक्टरही बॉक्सरचं फ्रॅक्चर असंच म्हणतात. हे सांगायला दोन मिनिटं लागतात. त्या जागेबद्दल माझा राग अजून गेलेला नाही, कारण मी तेव्हा दोन वर्षं असंच समजत राहिले की हा खेळ माझ्यासारखीसाठी नाही.

जागा निवडणाऱ्या कुणालाही माझं एकच सांगणं आहे: पैसे भरण्याआधी एक तास नुसतं बसून बघा. नवीन माणसाची मूठ कुणी हातात घेऊन तपासतंय का, तेवढं बघा.

२० जून, शुक्रवार

पालख्या पुण्यात. रस्ते बंद, बॅच बंद. ऑफिसात जीएसटी रिटर्नचा शेवटचा दिवस. रात्री उशिरा स्वयंपाकघरात तीन फेऱ्या शॅडो केली, म्हणजे समोर कुणी नसताना नुसत्या हवेत ठोसे. ओट्याच्या काचेत माझा उजवा हात दर वेळी गालावरून खाली येताना दिसला.

२ जुलै, बुधवार

आज बॅग.

गेल्या आठवड्यात ग्लोव्ह्ज घेतले, १२ औंसांचे. १२ औंस म्हणजे जेमतेम ३४० ग्रॅम, पण दुसऱ्या फेरीत ते हात गालापाशी टिकवणं जड जातं. घाई करून आधीच घेऊ नका असं सरांनी सांगितलं होतं ते बरं झालं. पट्टी बांधून घालून पाहिल्याशिवाय माप कळत नाही, आणि तोवर मला पट्टीच बांधता येत नव्हती.

जॅब, जॅब, क्रॉस. डावा, डावा, उजवा. क्रॉस हाताने मारायचा नसतो. मागचा पाय चवड्यावर वळतो, त्याच्यामागे कंबर, मग खांदा, आणि हात सगळ्यात शेवटी पोचतो. नीट बसला की बॅग झुलत नाही, जागच्या जागी दचकते आणि आवाज कोरडा येतो. ढकलला गेला की ती झोक्यासारखी लांब जाते. चाळीसेक ठोशांत माझे तीन नीट बसले असतील. ते तीन मला अजून दंडात जाणवतायत.

दीड मिनिटात डोळ्यांपुढे अंधारी आली. वाटलं, वय. सर दोन मिनिटं बाजूला उभे राहून बघत होते. म्हणाले, "दम कोंडू नका, ताई. तुम्ही श्वासच सोडत नाही आहात."

खरंच सोडत नव्हते. दर ठोशाला दात आवळून श्वास आत धरत होते, सहा-सहा ठोसे. आजूबाजूचे सगळे ठोशाबरोबर नाकातून किंवा दातांतून "स्स" करतात, ते मला इतके दिवस नुसतं जोर आल्याचं लक्षण वाटत होतं. तो ठोशाबरोबर बाहेर टाकलेला श्वास आहे. थोडा, तुटक, दर ठोशाला एक. त्याने पोट घट्ट राहतं आणि पुढचा श्वास आपोआप आत येतो. पुढच्या फेरीत फक्त तेवढंच केलं, जोर अर्धा ठेवला, आणि तीन मिनिटं पुरी झाली.

हे इथे सविस्तर लिहून ठेवतेय, कारण दुपारी ऑफिसात ताळा जुळत नव्हता, साहेब खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि माझ्या लक्षात आलं की मी श्वास धरून बसलेय. तिथेही. किती वर्षांपासून, कोण जाणे.

१८ जुलै, शुक्रवार

बॅचमध्ये एक सोळा वर्षांची मुलगी आहे, जिल्ह्याच्या स्पर्धेची तयारी करतेय. आज सरांनी तिला माझ्यासमोर उभं केलं. मी घाबरले. सरांनी समजावलं की हे स्पारिंग, म्हणजे समोरासमोरची सरावाची लढत, नाही. तिने फक्त जॅब टाकायचा, तोही अर्ध्या वेगाने, माझ्या ग्लोव्हवर. मी तो तळहाताने थोपवायचा आणि एक पाऊल मागे यायचं. मग आलटून पालटून. खरं स्पारिंग किमान तीन-चार महिन्यांनी, तेही मला हवं असेल तर. तेव्हा तोंडात माऊथगार्ड, डोक्याला हेडगार्ड, १६ औंसांचे जाड ग्लोव्ह्ज. हेडगार्डवर फार विसंबायचं नाही, हेही सरांनी सांगितलं. त्याने कापणं, खरचटणं वाचतं, पण डोक्याच्या आत मेंदू हादरायचा तो हादरतोच. ठोशानंतर डोकं दुखलं, मळमळलं किंवा भोवळ आली तर त्या दिवशी खेळ बंद आणि थेट डॉक्टर. ज्यांना कधीच स्पारिंग करायचं नाही असे चार-पाच जण इथे वर्षानुवर्षं येतात आणि त्यांना कुणी कमी लेखत नाही.

पहिले दहा जॅब मी डोळे मिटूनच घेतले. माझी पाळी आली तेव्हा तिच्या ग्लोव्हला हात लागला की मी "सॉरी" म्हणायचे. पाचव्या वेळी ती थांबली. "काकू, सॉरी नका म्हणू. तुम्ही मारलं नाही तर मला थोपवायला कसं येणार?" इतकं सरळ बोलली की मला तिचा लळाच लागला. तिच्या जन्मानंतर, २०१२ च्या लंडन ऑलिंपिकपासून बायकांचं बॉक्सिंग ऑलिंपिकमध्ये आलं, आणि मेरी कोमने तिथेच ५१ किलो गटात कांस्य मिळवलं. या मुलीला बायकांनी बॉक्सिंग करणं ही वेगळी सांगायची गोष्ट वाटतच नाही. मी तिच्या वयाची असताना ही दारं नव्हती, याची आज पहिल्यांदा हळहळ वाटली.

शेवटच्या फेरीत तिचा एक जॅब डोळे उघडे ठेवून पाहिला. ग्लोव्ह मोठा होत येताना दिसतो. श्वास सोडला, हात लावला, मागे आले.

४ ऑगस्ट, सोमवार

दोन महिने होत आले. वजन एक किलोसुद्धा हललेलं नाही. जिना मात्र आता कठड्याशिवाय, आणि झोप अशी लागते की आईला येऊन मला उठवावं लागतं. दोरीच्या तीन फेऱ्यांत अजून चार-पाचदा अडकते. हूक, म्हणजे बाजूने वळवून मारायचा ठोसा, जमत नाही, कोपर खाली पडतं. सर म्हणतात, जमेल.

पावसाळ्यात ग्लोव्ह्ज वाळत नाहीत ही खरी कटकट. बॅगेत तसेच ठेवले की दुसऱ्या दिवशी उघडवत नाहीत. घरी आल्याबरोबर तोंड पसरून आत वर्तमानपत्राचे बोळे घालते आणि पंख्याखाली ठेवते. पट्ट्या रोज धुते.

आज आंघोळ करून बाहेर आले तर आई पलंगावर बसून माझी वाळलेली पट्टी गुंडाळत होती. मांडीवर एक टोक दाबून, दुसऱ्या हाताने ताणत, एकसारखी. "माझ्या नऊवारीच्या निम्म्याहून जास्त आहे की गं ही," म्हणाली. मग गुंडाळी वर धरून विचारलं, "हा फास आत ठेवायचा का बाहेर?"

"बाहेर. बांधताना तो आधी लागतो."

तिने आख्खी पट्टी उलगडली आणि दुसऱ्या टोकापासून पुन्हा गुंडाळायला घेतली.