परळच्या गॅरेजमध्ये माझ्या स्नोमोबिलची वजनं

परवा परळला काकांच्या गॅरेजमध्ये गेले तेव्हा पिशवीत तीन लोखंडी तुकडे होते, लोकरीच्या मोज्यात गुंडाळून कॅनडातल्या सडबरीहून आणलेले. माझ्या स्नोमोबिलच्या क्लचमधली जुनी वजनं. काकांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला, एक तुकडा उचलला, त्याच्या वाकड्या कडेवरून नख फिरवलं आणि विचारलं, "ही काढली कुणी?"

"मी."

ते काही बोलले नाहीत. पोराला चहा सांगितला.

दोन दिवस झाले, तो प्रश्न डोक्यातून जात नाहीये. म्हणून सुट्टीत असूनही लिहायला बसले.

आधी स्नोमोबिलचं. मुंबईत आल्यापासून प्रत्येकाने विचारून झालंय की बर्फातल्या स्कूटरवर एवढे पैसे कशाला घातलेस. ज्यांनी हौसेसाठी बुलेट घेतली आहे त्यांनीही विचारलं. तिकडे तळ्याकाठच्या लाकडी घराला कॅम्प म्हणतात. आमच्या शेजाऱ्यांच्या कॅम्पपर्यंत हिवाळ्यात रस्ताच नसतो. गोठलेल्या तळ्यावरून जायचं, मागे घसरगाडी बांधून तिच्यात सरपण, पाणी, जेवणाचे डबे. पहिले दोन हिवाळे मी घर, लॅब आणि पुन्हा घर एवढेच काढले. संध्याकाळी पाचला अंधार पडायचा आणि मी आईला फोन लावायचे. तिसऱ्या वर्षी ही जुनी गाडी घेतली, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, ६०० सीसी, आणि मी माणसांत आले. हौस म्हणायची तर म्हणा. मला ती गरज होती.

गाडी भार ओढताना मान टाकायची. पूर्ण रेस दिली तरी इंजिनाच्या वेगाचा काटा मिनिटाला ७,४०० फेऱ्यांच्या वर जाईना, आणि त्या इंजिनाची पूर्ण ताकद ८,०००च्या आसपास मिळते. शिवाय बेल्टचा जळका वास. ज्याने ॲक्टिवाचं डावीकडचं कव्हर उघडलेलं पाहिलंय त्याला हे वेगळं समजावायला नको. पुढची पुली, मागची पुली, मध्ये बेल्ट. ॲक्टिवात सहा रोलर बाहेर सरकतात आणि पुढच्या पुलीच्या दोन बाजू जवळ येऊन ती मिटत जाते; इथे तीन वजनं बिजागरीवर बाहेर फेकली जातात आणि तेच काम करतात. फरक एवढाच की स्नोमोबिलला मागे क्लच शू, म्हणजे रेस वाढली की चाकाला जोर पोचवणारे तुकडे, नसतात. गाडी उभी असताना बेल्ट पुढच्या पुलीत सैल पडून राहतो, रेस वाढली की पुली त्याला चिमटीत धरते. बेल्ट हाच क्लच. माझ्या गाडीत दोन्ही स्प्रिंगा थकल्या होत्या, त्यामुळे पुली वेळेआधीच चढायची, वेग येण्याआधीच वरचा गिअर पडावा तशी, आणि इंजिन दमायचं. तेव्हा पूर्ण किट मागवलं: पुढची वजनं आणि स्प्रिंग, मागचा हेलिक्स (मागच्या पुलीतला तिरक्या कडांचा भाग) आणि स्प्रिंग. नवा बेल्ट वेगळा.

हे सगळं मला ठाऊक होतं ते काकांमुळे. चौदाव्या वर्षापासून मे महिन्याच्या सुट्टीत मी त्यांच्या गॅरेजमध्ये बसायचे. बिलबुक माझ्याकडे, सुट्ट्या पैशांचा डबा माझ्याकडे. काकांचा हात कायनेटिक होंडावर बसलेला. १९८४ साली ती आली तेव्हा बिनगिअरची गाडी उघडायला बाकीचे मेकॅनिक बिचकायचे, काकांनी ती उघडून उघडून शिकून घेतली. रोलर झिजलेत की बेल्ट ताणलाय हे ते स्टँडवर गाडी रेस करून नुसत्या आवाजावरून सांगायचे. मी स्टुलावर बसून पाहायचे. पाना मात्र माझ्या हातात कधी आला नाही. माझ्याहून दोन वर्षांनी लहान चुलतभावाच्या हातात आला. त्याला त्यात काही गोडी नव्हती, आज तो बँकेत आहे. काकांनी मला कधी नको म्हटलं नाही. मीही कधी मागितला नाही.

त्यामुळे जानेवारीत शेजाऱ्यांच्या शेडमध्ये गाडी उघडली तेव्हा डोळ्यांना सगळं ओळखीचं होतं आणि हाताला काहीच नव्हतं. पुढची पुली क्रँकशाफ्टच्या निमुळत्या टोकावर बसलेली असते, घट्ट, आणि नुसता बोल्ट काढून ती सुटत नाही. त्यासाठी पुलर लागतो, म्हणजे जाड लांबलचक बोल्टच. तो आत पिळत न्यायचा, पुढे शाफ्टला टेकला की आणखी पिळायचा. शेजारी निकेलच्या खाणीत आयुष्य घालवून निवृत्त झालेले. त्यांनी भिंतीवरचा पुलर काढून माझ्या हातात दिला आणि स्वतः खिशात हात घालून उभे राहिले. मी थांबले. मला वाटलं आता ते म्हणतील, सरक बाजूला. ते नाही म्हणाले. मी पान्यावर जोर दिला, हलेना. लांब दांडी लावली, तरी हलेना. काहीतरी मोडणार या भीतीने पोटात गोळा आला होता, आणि ते शांतपणे म्हणाले, अजून. पुलरच्या डोक्यावर हातोडीचा एक ठोका मारायला सांगितला, पुन्हा पिळायला सांगितलं, आणि बंदूक उडावी तसा आवाज होऊन पुली सुटली. माझे हात थरथरत होते. ते कॉफी आणायला आत गेले.

तो मिनिट मी विसरणार नाही. त्यांना ते काम चार मिनिटांत जमलं असतं. थंडीत उभं राहून त्यांनी माझी चाळीस मिनिटं पाहिली.

पुढचं सोपं होतं असं नाही, पण भीती गेली होती. कव्हरवरच्या खुणा जुळवून ठेवल्या, नाहीतर तोल बिघडतो. स्प्रिंग दाबलेली असते म्हणून कव्हरचे बोल्ट थोडे थोडे करत सोडले. शाफ्टचं निमुळतं टोक स्वच्छ पुसलं. तिथे तेलाचा थेंबही चालत नाही. मग टॉर्क रेंच, म्हणजे जोर मोजणारा पाना, लावून आवळलं.

नवा बेल्ट पन्नासेक किलोमीटर हलक्या हाताने चालवून मगच चाचणी घेतली. उणे २२, स्वच्छ ऊन. शेजाऱ्यांनी आधी भोक पाडून बर्फ मोजला, ४० सेंटीमीटर भरला. एकटीने तळ्यावर जायचं नाही, हा त्यांचा नियम. पहिल्या फेरीत काटा ८,३५०वर गेला, म्हणजे वजनं हलकी पडली. प्रत्येक वजनाच्या भोकात दोन ग्रॅमचा स्क्रू बसवला, तिन्हींत सारखा. दुसऱ्या फेरीत ८,०५०. आधी ३,२००लाच रांगायला लागणारी गाडी आता ३,८००ला पकडते. मागे भरलेली घसरगाडी बांधून चढावर गेले, काटा तिथेच राहिला. इंजिन बंद करून पुलीला हात लावला, हात ठेवता येत होता. बेल्ट घसरत नव्हता.

काकांना हे सगळं सांगितलं. असली गाडी शोधून काढली कुणी, असं त्यांनी विचारलं तेव्हा कॅनडातल्याच क्युबेकच्या बाँबार्डिएचं सांगितलं: १९३४च्या हिवाळ्यात बर्फामुळे त्याचा लहान मुलगा हॉस्पिटलपर्यंत पोचू शकला नाही, तो गेला, बर्फावर चालणाऱ्या गाडीचा ध्यास त्याने सोडला नाही, आणि १९५९मध्ये त्याची स्की-डू ही स्नोमोबिल आली. काका गप्प ऐकत होते. मग वजन उजेडात धरून म्हणाले, "हे बघ, इथे खड्डा पडलाय. चढताना इथे अडकत असणार." मी ते वजन महिनाभर घरात ठेवलं होतं, मला दिसलं नव्हतं.

"वजनं बदललीस, पुढची स्प्रिंग बदललीस, मागचं सगळं बदललंस. फरक कशाने पडला?"

मला सांगता आलं नाही.

"एका वेळी एकच बदलायचं ना गं."

सडबरीत हे कुणी म्हणालं नव्हतं. किटच्या कागदावरही नव्हतं. मला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही, कारण हा प्रश्न त्यांनी गॅरेजमधल्या पोराला विचारावा तसा विचारला होता, बिलबुक सांभाळणाऱ्या पुतणीला नाही. मी इथेच राहिले असते तर कधीतरी पाना मागितला असता का? असता, असं मी स्वतःला सांगते.

तिन्ही वजनं काकांकडेच आहेत, ॲक्टिवाच्या रोलरांच्या डब्यात. मागची जुनी स्प्रिंग सडबरीत शेडच्या खिळ्याला टांगलेली आहे. डिसेंबरात तळं गोठलं की बाकी काही न हलवता तेवढी एक परत लावून फेरी मारायची आणि काटा किती येतो ते कळवायचं, असं ठरलंय. काकांनी आकडा लिहायला कॅलेंडरवर जागा सोडली आहे.