एवढे मोठे टायर, आणि पुढे पाटेच?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. शहाद्याला पंपावर डिझेल भरताना, तळोद्याच्या बाजारात, धुळ्याला टायरच्या दुकानात, हल्ली फोनवरसुद्धा, प्रश्न तोच: "३१ इंची टायर टाकले, मग पुढे अजून पाटेच कसे? कॉइल का नाही? इंडिपेंडंट का नाही?" पाटे म्हणजे गाडीचा भार पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांची थप्पी, कॉइल म्हणजे गुंडाळीची स्प्रिंग, आणि इंडिपेंडंट म्हणजे दोन्ही चाकं आपापली वरखाली होणं. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच ठरलेलं असतं. एक तर मी जुन्या वळणाचा, नाहीतर टायरांवर पैसे संपले. दोन्ही खरं नाही. याआधीची माझी गाडी पुढून इंडिपेंडंट होती, टॉर्शन बारची, म्हणजे पिळल्या जाणाऱ्या सळईवर तोललेली, आणि तेव्हा पाटेवाल्यांशी मीच हिरिरीने भांडायचो.

ते भांडण आजही मला फुकाचं वाटत नाही. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर चोपड्याकडून शिरपूरमार्गे शहाद्याला ज्यांनी पावसाळ्यानंतर गाडी आणली आहे, त्यांना सांगायला नको. इंडिपेंडंट असेल तर डाव्या चाकाचा खड्डा डाव्या चाकापुरता राहतो. पाट्यांच्या गाडीत दोन्ही चाकं एकाच आडव्या, अखंड एक्सलवर असतात, तिथे तो उजव्या चाकालाही कळतो, स्टिअरिंगलाही कळतो आणि चालवणाऱ्याच्या मणक्यालाही. मागे माल नसला की पाट्यांची गाडी उड्या मारते. हे सगळं मी तेव्हा म्हणायचो आणि आजही नाकारत नाही.

पण माझी गाडी डांबरावर कमवत नाही. उन्हाळ्यात मी सातपुड्यातल्या धडगावकडच्या पाड्यांवरून आमचूर आणतो. डांबर संपल्यावर पुढे दगडगोट्यांचे नाले आणि चढ. कंपनीच्या २३५/७० आर १६ टायरांवर गाडीचं पोट दगडांना घासायचं, म्हणून ३१ इंची टाकले. ते चाकाच्या कमानीत मावेनात, म्हणून टॉर्शन बारचे बोल्ट आवळून पुढचा भाग वर घेतला. टायर लावणाऱ्याने सांगितलं, "काही होत नाही, सगळे करतात." सगळे करतात हे खरं होतं.

मे महिना संपत आला होता. एका पाड्यावरून पोती भरली. आमचुराचं गणित साधं असतं: कैरी सोलून, काप करून, उन्हात वाळवलेली फोड जितकी पांढरी तितका भाव. एक वळीव पडला की तीच फोड काळी पडते आणि भाव निम्म्यावर येतो. म्हणून आभाळ दिसायच्या आत खाली उतरायचं, एवढंच डोक्यात होतं. पाड्याखालच्या नाल्यात पाणी नव्हतं, पण गेल्या पावसाने समोरचा काठ कोरून नेला होता. चढायला एकच जागा आणि तीही वळणावर. लो गिअर टाकला, स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि हळूच चढवायला लागलो. उजवं चाक कोरलेल्या जागेवर अधांतरी लटकलं आणि नुसतं फिरू लागलं. मी ॲक्सिलरेटर सोडायच्या आत गाडी तिकडे कलली, फिरतं चाक थेट दगडावर बसलं आणि पकडलं. बंदुकीसारखा आवाज झाला. त्यानंतर चाकातून नुसती कडकड.

बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांडीच्या टोकाचा वळणारा सांधा, फुटला होता. रबराचा बूट आधीच चिरलेला होता, ग्रीस कधीच उडून गेलं होतं आणि आत माती होती. फुटलेले तुकडे असे अडकले होते की स्टिअरिंग सरळ होईना. मागच्या दोन चाकांवरही गाडी निघेना. आणि मग पाऊस आला. चांदसैली घाटाच्या बाजूने अंधारत आलेलं मी पाहिलं होतं, पण एवढ्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. ताडपत्री होती, पण गाडी एका अंगावर कलल्यामुळे पाणी ताडपत्रीवर साचलं आणि खालच्या बाजूने पोत्यांत शिरलं. पाड्यावरची माणसं धावत आली. बायका, पोरं, म्हातारी माणसंसुद्धा. डोक्यावर पोती घेऊन भर पावसात त्यांनी नाला चढला आणि आपल्याच घरांत पोती नेऊन ठेवली. चुलीजवळ ठेवली तरी सगळी वाचली नाहीत. ज्या आजीच्या घरात मी रात्र काढली, तिने सकाळी एका पोत्याचं तोंड सोडून फोडी हातात घेतल्या, पाहिल्या आणि पोतं पुन्हा बांधून ठेवलं. मला काही बोलली नाही. माल माझ्या गाडीत चढला होता, म्हणजे नुकसान माझं. पैसे ठरल्याप्रमाणे दिले. पण पुढच्या हंगामात त्या भागातल्या पाड्यांवर भावाआधी पहिला प्रश्न यायचा: "गाडी कोणती आणलीस?"

दुसऱ्या दिवशी दुपारी शहाद्याहून मिस्त्री मोटारसायकलवर आले. वयस्कर माणूस, आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो. गाडीखाली झोपून त्यांनी आधी फुटलेल्या जॉइंटकडे पाहिलंच नाही, आवळलेल्या बोल्टांकडे पाहिलं. मग बाहेर येऊन म्हणाले, "भाऊ, तुले गाडी चालाडानी शे का दखाडानी शे?"

मला राग आला. दाखवायला मी गाडी उचललीच नव्हती! पोट घासत होतं म्हणून उचलली, आणि हे मी त्यांना तिथेच चिखलात उभं राहून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "तात्या, मग टायर लहान करू का?" असंही चिडून विचारलं. ते म्हणाले, टायरशी त्यांचं भांडण नाही. त्यांनी जॉइंट उघडला, दांडी काढली, बाहेरचा तुकडा हबमध्ये तसाच ठेवला, कारण तो काढला तर बेरिंगला आवळून धरायला काही राहत नाही. मागच्या चाकांवर, दुसऱ्या वाटेने, रिकामी गाडी खाली आणली. नवी दांडी शहाद्यात नव्हती, ती बाहेरून यायला बरेच दिवस गेले आणि तेवढ्यात हंगाम संपला.

तात्यांचा मुद्दा मला त्या रिकाम्या दिवसांत कळला. बार आवळून गाडी वर येते, पण चाकाची वरखाली होण्याची एकूण जागा वाढत नाही. वर मिळवलेलं खालून वजा होतं. चाक खाली लोंबायला जागाच उरत नाही, म्हणून ते जरा खड्ड्यावर आलं की हवेत. शिवाय वर उचललेल्या गाडीत दांडी कायम तिरकी, जॉइंट कायम वाकलेला, बूट कायम ताणलेला. वर स्टिअरिंग पूर्ण वळवलं की त्यात आणखी कोन. मोठा टायर हा लांब हातोडा आहे, जॉइंटला लागणारा जोर त्याच्यामुळे वाढतो.

अखंड एक्सलचं गणित वेगळं. पाटे कितीही चढवा, चाकाजवळच्या जॉइंटचा कोन बदलत नाही. तो फक्त स्टिअरिंग वळवल्यावर बदलतो. गाडी उचलल्याचा त्रास गिअरबॉक्सकडून एक्सलला जोर देणाऱ्या मधल्या प्रॉपेलर शाफ्टला होतो, चाकाला होत नाही. आणि एक चाक दगडावर चढलं की एक्सलच दुसऱ्या चाकाला खाली दाबतो. नाल्यात मला हेच हवं होतं. मात्र इथे दोन्ही चाकांना जोर वाटणारा डिफरन्शियलचा गोळा एक्सलवरच लटकलेला असतो. गाडी उचलून त्याच्याखालची जागा वाढत नाही, ती फक्त टायरने वाढते. कंपनीच्या ७३५ मिलिमीटर उंच टायरच्या जागी ७८७ चा, म्हणजे ३१ इंची, टाकला की निम्मा फरक हाती येतो, म्हणजे जेमतेम २६ मिलिमीटर. एवढ्यासाठी स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा खरा वेग ६४ असतो, गिअर तेवढेच जड होतात आणि ब्रेकला जास्त जोर लागतो.

बरेच जण म्हणाले, तीच गाडी ठेव आणि पुढे अखंड एक्सल बसवून घे. करणारे आहेत. पण गाडीतल्या बदलांवर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि कंपनीच्या मूळ रचनेपासून फारकत घेणारे बदल चालणार नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत सांगितलं आहे. घाटात उद्या काही झालं तर विमा कंपनीने हात वर केले तर काय? म्हणून एक्सल बदलण्याऐवजी गाडीच बदलली. पुढे पाटे घेऊनच कारखान्यातून निघालेली जुनी फोर-बाय-फोर शोधली. टायर मी वाढवले आहेत, तेही मूळ मापाबाहेर आहेत, आणि याच निकालाचं बोट माझ्याकडेही वळतं. त्यावर माझ्याकडे पटेल असं उत्तर नाही.

कॉइलचं विचाराल, तर अखंड एक्सल आणि कॉइल ही जोडी मला मनापासून आवडते. जिम्नीला पुढे-मागे तीच आहे. पण माझ्यासारखं पोत्यांचं ओझं, आणि एक्सल जागेवर धरणाऱ्या लिंकचा एखादा रबरी बुश गेला तर तो मिळेपर्यंत उभं राहणं, हे मला परवडत नाही. पाटा तुटला तर तळोद्यात, शहाद्यात ट्रॅक्टर-ट्रॉलीचं काम करणारा कोणीही तो घडवून देतो. पाटे बांधणारे यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट मी गाडीतच ठेवतो.

पाटे एक्सलच्या वर नेऊन चार-पाच इंच उंची एका झटक्यात मिळवतात, ते मी केलं नाही. पाटे खालीच ठेवले. तशा उंचीवर ब्रेक दाबला की पाटे पिळतात, आणि स्टिअरिंगची दांडी इतकी तिरकी होते की प्रत्येक उंचवट्यावर गाडी आपणहून वळते. टायर घासू नये एवढीच उंची घेतली. ती ठरवायला एक चाक मोठ्या दगडावर चढवून स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवलं, टायरच्या कडेला ओली माती लावली आणि जिथली माती निघाली तिथे पाहिलं. उरलेलं काम बंप स्टॉप, म्हणजे चाकाला फार वर येऊ न देणारा रबरी अडथळा, खाली घेऊन केलं. आणि नाल्यात उतरण्याआधी हवा कमी करतो. त्या एका गोष्टीने जेवढा फरक पडतो, तेवढा कुठल्याही सस्पेन्शनने पडलेला मी पाहिलेला नाही. काळ्या कपाशीच्या जमिनीत पाऊस झाल्यावर मात्र यातलं काहीच चालत नाही. तिथे गाडी नेऊच नये.

आता पाट्यांचं जे सांगायला मला आवडत नाही, ते. उंचीसाठी शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चॅसिसला टांगणारी हलती कडी, थोडं लांब केलं होतं. माझ्या गाडीत ते पुढच्या टोकाला आहे, त्यामुळे एक्सल पुढे कलला आणि कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगला सरळ ठेवणारा मागचा कल, कमी झाला. शिरपूरच्या अलीकडे चांगल्या वेगात एक चाक खड्ड्यात आपटलं आणि स्टिअरिंग असं थरथरायला लागलं की हातात धरवेना. गाडी जवळजवळ उभी केली तेव्हा थांबलं. बायको शेजारी होती. त्यानंतर ती या गाडीत बसून घाट चढत नाही, आणि तिला मी आग्रहही करत नाही. तात्यांनी पाटा आणि एक्सलच्या मध्ये पाचरी घातल्या, चाक वळवणाऱ्या सांध्यांतले किंगपिनचे बेरिंग आणि टायरॉड एण्ड बदलले, चारही चाकं पुन्हा बॅलन्स केली. तेव्हापासून झालेलं नाही. पण मोठ्या टायरांवर ते पुन्हा होणार नाही, असं छातीवर हात ठेवून मी सांगू शकत नाही. टॉर्शन बारच्या गाडीने मला हे कधीच केलं नव्हतं. जुना मी समोर बसला असता तर एवढ्या एका गोष्टीवर त्याने मला गप्प केलं असतं.

मुलगा म्हणतो, आता २०२० नंतरची थार बघा, पुढे डबल विशबोनचं इंडिपेंडंट आणि कॉइल, मागे अखंड एक्सल आणि कॉइल, तुमचा वादच संपला. पोती कुठे ठेवायची हा त्याच्यासाठी वेगळा प्रश्न आहे. आई बसेल तरी, असंही तो म्हणतो, आणि त्या एका वाक्यावर मी अडखळतो. त्याला अजून नकार दिलेला नाही. घ्यायचीच झाली तर कंपनीच्या उंचीवर आणि कंपनीच्याच मापाच्या टायरवर ठेवायची, एवढी अट मी घातली आहे, आणि ती त्याला मान्य नाही. त्याला ३३ इंची हवे आहेत.