कोळसा वाढला, मग कार्बन घटला कसा?

भारताच्या कोळसा उत्पादनाने एका आर्थिक वर्षात 100 कोटी टनांचा टप्पा ओलांडल्याची बातमी मार्च 2025 मध्ये आली, त्याच आठवड्यात मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्यात ऊर्जा लेखापरीक्षणासाठी बसलो होतो. युरोपातील खरेदीदाराने दोन वर्षांच्या कार्बन उत्सर्जनाचा तक्ता मागवला होता. धाकट्या शेठनी तो भरून ठेवला होता. मी तपासून सही करायची, एवढेच काम होते.

तक्त्यानुसार बॉयलरचा कोळसा 1,400 टनांवरून 1,850 टनांवर गेला होता, टॉवेलचे उत्पादन जवळपास तेवढेच होते आणि तरीही उत्सर्जन सुमारे 18 टक्क्यांनी घटले होते. ‘‘हे दाखवलं की पुढची ऑर्डर पक्की,’’ धाकटे शेठ म्हणाले. आकडा काही पचेना, म्हणून मी उठून बॉयलरकडे गेलो.

बॉयलरवरच्या अण्णांनी ढिगातून एक ढेकूळ उचलून माझ्या हातात ठेवले. रंगाने करडे, आकाराच्या मानाने जड. त्यांनी सळईचा एक घाव घातला तसे त्याचे पाटीसारखे पापुद्रे सुटले. ‘‘साहेब, ह्यो कोळसा नव्हं, दगड हाय. मागल्या साली बाहेरचा माल होता, दिवसाला दोन गाडे राख निघायची. आता पंधरा काढतो.’’

उत्तर त्या गाड्यांतच होते. आधीच्या वर्षीचा इंडोनेशियन कोळसा किलोला सुमारे 4,700 किलोकॅलरी उष्णता देणारा, तर या वर्षीचा देशी कोळसा 3,700 च्या आसपास. तेवढीच वाफ करायला देशी कोळसा जास्त टन लागतो, पण वाढलेल्या वजनात बराचसा भाग राखेचा असतो आणि राखेतून कार्बन डायऑक्साइड निघत नाही. उत्सर्जन वजनाच्या नव्हे, तर उष्णतेच्या मागे जाते. अशा कोळशातून एक गिगाज्यूल (सुमारे 2.39 लाख किलोकॅलरी) उष्णता घेतली की साधारण 96 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. या हिशेबाने देशी कोळशाच्या एका टनामागे सुमारे दीड टन आणि इंडोनेशियन कोळशाच्या टनामागे 1.9 टनांच्या आत-बाहेर उत्सर्जन होते. धाकट्या शेठनी चालू वर्षासाठी प्रयोगशाळेच्या अहवालावरून दीडचा गुणक (एका टन कोळशामागचे उत्सर्जन) बरोबर घेतला होता, मात्र आधीच्या वर्षासाठी उत्तम प्रतीच्या कोळशाचा 2.4 हा आंतरराष्ट्रीय तयार गुणक उचलला होता. घटला होता तो गुणक. जुन्या फाइलमध्ये त्या मालाचे तपासणी प्रमाणपत्र सापडले, ते धरून हिशेब केला तेव्हा उत्सर्जन 2,630 टनांवरून 2,740 टनांवर, म्हणजे चार टक्क्यांनी वाढलेले निघाले.

त्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही, कारण हीच गफलत देशांच्या पातळीवरही होते. 2015 मध्ये चीनने आपल्या कोळसा वापराचे जुने आकडे बरेच वाढवून दुरुस्त केले आणि त्याच वर्षी संशोधकांनी दाखवून दिले की चिनी कोळशात गृहीत धरल्यापेक्षा कार्बन बराच कमी असतो. टन वाढले, प्रतिटन कार्बन उतरला. आपल्याकडे 2024-25 मध्ये उत्पादन वाढले, तर आयात सुमारे 26.5 कोटी टनांवरून 24.4 कोटी टनांवर आली. त्यामुळे नुसते उत्पादनाचे टन मोजणारा कार्बनची वाढ फुगवून सांगतो. पण ‘वाढली ती राखच’ असे म्हणणाऱ्याचेही बरोबर नाही. 2024-25 मध्ये देशाची 70 टक्क्यांहून अधिक वीज कोळशावर झाली आणि विजेची मागणी वाढतेच आहे. कोल इंडिया तर 2012 पासून कोळशाची प्रतवारी उष्मांकावरच करते, तरी बातमीत मात्र नेहमी टनच येतात.

संध्याकाळी थोरल्या शेठसमोर मी सांगितले की दोन्ही वर्षांना ज्याचा त्याचा गुणक लावला तरच सही करीन. धाकटे शेठ बराच वेळ वाद घालत राहिले. थोरल्यांनी फक्त विचारले, ‘‘पंधरा गाडे म्हणजे राख उचलायचे पैसेही वाढले असतील ना?’’ वाढले होते. तक्ता चार टक्के वाढ दाखवूनच गेला. तीन आठवड्यांनी खरेदीदाराची मागणी आली: दोन्ही वर्षांच्या काटापावत्या आणि कोळशाचे तपासणी अहवाल पाठवा.